पिवळ्या बरणीची आणि न वाजलेल्या तोफांची हकीकत

श्री. जळास नमन, अग्नीस नमन, आणि या दोहोंस आपापल्या जागी राखणाऱ्या जगन्नियंत्यास साष्टांग नमन. हुजुरांची आज्ञा जाहली जे, रसशाळेच्या प्रवेशसमारंभी जो प्रसंग गुदरला, आणि ज्या कारणे या राज्यात प्रथमच सरकारस्वारीस सलामी जाहली नाही, ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहून ठेवावे, कोणाचा मुलाहिजा करू नये. त्यावरून सेवकाने जे डोळां पाहिले आणि जे पाहणारांच्या मुखे ऐकिले ते लिहितो. शके अठराशे पस्तीस, प्रमादीनाम संवत्सरे, वैशाख मास. उन्हाळा ऐसा कडक की दगडी चौकात पाय ठेववेना आणि माठातले पाणीही कोमट लागे.

ते समयी गादीवर धाकटे महाराज होते. वय तरुण, विद्येची आवड बहुत. नगरात कुंभारआळीची माणसे विहिरीचे पाणी पिऊन आजारी पडत, आणि पाण्यात काय आहे हे कोणास सांगता येईना. तेव्हा महाराजांनी मनात आणिले जे, आपुल्या राज्यात एक रसशाळा असावी, तेथे पाणी, औषधे, रंग आणि धातू पारखावे. तोफखान्याच्या बुरुजास पाठ लावून एक जुनी दगडी कोठी रिकामी होती, ती या कामास दिली, आणि मुंबईहून रिबकाबाई किहिमकर यांस मुख्य नेमून आणिले. बाई अलीबागेकडील बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या, मुंबईच्या कॉलेजात रसायनविद्या शिकलेल्या. बोलणे थोडे, चालणे जलद आणि शिस्त ऐसी की पहिल्याच दिवशी मानकऱ्यांस दारात उभे करून त्यांच्या पागोट्यांचे शेमले आणि खांद्यावरील शेले आवळून बांधविले, आणि मग आत घेतले. आत कोणी विडा खाऊ नये, तेजाब पाण्यात थोडे थोडे ओतावे, पाणी कदापि तेजाबात ओतू नये, आणि नाव ठाऊक नाही ती बाटली बाईंनी पाहिल्याखेरीज उंबऱ्याच्या आत येऊ नये, ऐसे त्यांनी सर्वांस सांगितले. दाराशी पाण्याने भरलेला लाकडी टप आणि वाळूच्या बादल्या ठेविल्या. राजवैद्य धुंडिराजशास्त्री, वयोवृद्ध आणि देहाने स्थूल, ते रोज येऊन टपाकडे पाहत आणि म्हणत, "बाई, विद्या शिकविता की आग विझविता?" बाई म्हणत, "शास्त्रीबुवा, दोन्ही." शास्त्रीबुवांस ही रसशाळा मनापासून पसंत नव्हती, हे सर्वांस ठाऊक होते.

प्रवेशसमारंभाची जोखीम खासगीचे कारभारी व्यंकटराव पोतनीस यांजकडे होती. व्यंकटराव म्हणजे दरबारचा थाट. मिरवणुकीत कोणता घोडा पुढे, अत्तरदाणी कोणत्या हाती, तोफ कोणत्या इशाऱ्यास, हे सारे त्यांच्या बोटांवर. ते समारंभाचे आदले दिवशी रसशाळेत आले, मांडणी पाहिली आणि हिरमुसले. म्हणाले, "बाई, सगळ्या बाटल्यांत पाणीच दिसते. सरकारांस दाखवावे काय?" बाई म्हणाल्या, "त्या पाण्यातला एक थेंब आपल्या शेल्यावर पडला तर शेल्यास भोक पडेल." व्यंकटराव म्हणाले, "भोक लांबून दिसत नाही. रंग दिसतो." बाई हसल्या आणि कामास लागल्या, आणि ते हसणे म्हणजे रुकार आहे ऐसे व्यंकटरावांनी धरिले. मग समारंभाचे दिवशी सकाळी, बाई मागच्या दालनात निवळलेले पाणी भरीत असता, व्यंकटरावांनी थोरल्या महाराजांचे वेळची बंद पडलेली रेशमाची रंगशाळा उघडविली, आणि तेथील फडताळातून पिवळ्या धमक खड्यांची एक मोठी काचेची बरणी काढवून, गड्याच्या डोकीवर देऊन, चौकातून रसशाळेत आणविली. गडी वाटेत दोनदा ठेचकाळला, आणि तरी काही जाहले नाही. ही देवाची कृपा म्हणावी, दुसरे काही म्हणता येत नाही.

आता त्या बरणीत काय होते ते सांगणे जरूर. पिक्रिक म्हणोन एक कडूजहर तेजाब आहे. ते खड्यांचे रूपाने असते आणि त्याने रेशमास सोन्यासारखा पिवळा रंग चढतो, याकरिता रंगशाळेने मागविले होते. ते ओले ठेविले तर गरीब. पण कोरडे पडले की त्याची बारूद होते, आणि तीस पेटावयास ठिणगीही नको. घासले तरी पुरे, आपटले तरी पुरे. रंगशाळा बंद पडल्यावर ती बरणी कित्येक उन्हाळे फडताळात तापली, आतील पाणी आटून गेले, आणि खड्यांची खरपुडी बुचाच्या भोवती आणि बुडाशी चढली. चिठ्ठीवरील शाई उडाली होती. व्यंकटरावांस हे काही ठाऊक नव्हते. त्यांस एवढेच दिसले की रंग सुरेख आहे आणि बूच उघडून खडे चांदीच्या तबकात मांडिले तर सरकारांची नजर तेथेच ठरेल.

बाई मागल्या दालनातून दारात आल्या आणि पाहतात तो व्यंकटराव बरणी डाव्या हाताने छातीशी धरून उजव्या हाताने काचेचे बूच पिळताहेत. बूच बसलेले, हलेना, म्हणोन ओठ दाबून जोर करिताहेत. आणि एक बारीक करकर ऐसा आवाज बाईंच्या कानी आला. पण त्या ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. लेकरास निजविताना बोलावे तैशा आवाजाने म्हणाल्या, "कारभारी साहेब, उजवा हात बुचावरून काढावा. हळू. आणि बरणी आहे तैसी धरून उभे राहावे."

व्यंकटराव म्हणाले, "का बरे?"

"हात काढला?"

"काढला."

"आता सांगते. आपल्या हाती रंग नाही, बारूद आहे. बूच आणखी थोडे फिरते तर आपण, मी आणि ही कोठी यांतले काही उरते ना."

व्यंकटरावांनी बरणी समोरच्या दगडी मेजावर ठेवावयास हात पुढे केला. बाई तत्काळ म्हणाल्या, "खाली ठेवू नये. बुडास खरपुडी आहे, दगडावर घासली तर तेच होईल." व्यंकटराव म्हणाले, "मग किती वेळ धरू?" "मी सांगेन तोवर." "आणि हात सुटला तर?" बाई म्हणाल्या, "सुटणार नाही. दसऱ्यास जरीपटका धरून आपण दोन प्रहर उभे असता, काठी तसूभर हलत नाही, हे मी ऐकले आहे. ही त्याहून हलकी आहे." मग बाईंनी गडीमाणसांस सांगितले जे, एकेकाने बाहेर जावे, धावू नये, दार आपटू नये, आणि कोठीपुढचे अंगण रिकामे करावे. माणसे निघाली. धुंडिराजशास्त्री तेवढे दारात राहिले. ते रसशाळेची फजिती पाहावयास सकाळीच आले होते, आणि आता त्यांस ना आत येववे ना बाहेर जाववे. बाई त्यांस काही सांगणार, इतक्यात व्यंकटराव म्हणाले, "बाई, तोफा."

बाईंस उमजले नाही. व्यंकटराव म्हणाले, "स्वारी वेशीत शिरली की निशाण खाली येते, आणि या भिंतीपलीकडे बुरुजावर तोफ होते. हुकूम माझाच आहे. आणि बाई, मी दचकतो. आजवर कोणास सांगितले नाही. प्रत्येक सलामीस मी दचकतो, याचकरिता हात पाठीशी बांधून उभा असतो." हे बोलले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, ते त्यांस पुसता येईना. वाड्याबाहेर वाजंत्री ऐकू येऊ लागली होती. बाईंनी शास्त्रीबुवांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, धावता येईल काय?" शास्त्रीबुवा म्हणाले, "मुंज जाहल्यापासून धावलो नाही." आणि इतके बोलून त्यांनी धोतराचा काचा मारिला, उपरणे फेकून दिले आणि निघाले.

तो धावण्याचा प्रकार सेवकाने स्वये पाहिला. चौकात अवघा दरबार आपापल्या पायरीने उभा, सर्वांची तोंडे वेशीकडे, आणि मधून राजवैद्य उघड्या अंगाने, तोंडाने फूं फूं करीत, एका सरदाराच्या पायावर पाय देऊन, एका भालदारास ढकलून, बुरुजाच्या पायऱ्या चढताहेत. कोणी म्हणाले, शास्त्रीबुवांस उन्हाने भ्रम जाहला. कोणी हसले. बुरुजावर तोफखान्याचे दारोगा इमामखान पेटता काकडा हाती घेऊन निशाणावर नजर लावून होते. शास्त्रीबुवांस बोलावयास दम उरला नव्हता. ते म्हणाले, "खानसाहेब, नको." खानसाहेब म्हणाले, "काय नको?" "तोफ नको. कोठीत बारूद आहे, उघडी, कारभाऱ्यांच्या हाती." खानसाहेब म्हणाले, "शास्त्रीबुवा, सलामी थांबवावयास एक तर सरकारांचा हुकूम पाहिजे, नाही तर कारभाऱ्यांचा. दोन्ही नसता सलामी चुकली तर माझी भाकर जाईल आणि अब्रू तीआधी जाईल." शास्त्रीबुवा म्हणाले, "कारभारी बरणी सोडून हुकूम द्यावयास येणार कैसे?" तिकडे स्वारीची पालखी वेशीत शिरली आणि निशाण खाली आले. खानसाहेबांनी काकडा पुढे केला. आणि मग शास्त्रीबुवांनी पहिल्या तोफेचा कान, जेथे बत्ती देतात तो, आपल्या तळव्याखाली दाबून धरिला आणि तोफेवर पोट टाकून आडवे जाहले. म्हणाले, "पहिली वाजल्यावाचून दुसरी वाजत नाही, हे मला ठाऊक आहे. आता द्या बत्ती." इमामखानांचा अवघा जन्म तोफेच्या दारूजवळ गेलेला, दारूचे भय माणसाच्या तोंडावर कैसे दिसते हे त्यांस कोणी शिकवावे ऐसे नव्हते. त्यांनी काकडा पाण्याच्या बादलीत बुडविला, सर्व गोलंदाजांस हात वर करून थांबविले आणि म्हणाले, "उठा शास्त्रीबुवा. तोफ उन्हाने तापली आहे, पोट भाजेल."

निशाण खाली आले आणि तोफ वाजली नाही. अवघ्या चौकात चिडीचूप जाहले. वाजंत्री अर्ध्यावर थांबली. महाराज पालखीतून उतरले. चेहरा लाल जाहला होता, कारण गादीवर बसल्यापासून ऐसा अपमान कधी जाहला नव्हता, आणि बाहेरगावचे पाहुणे समोर होते. कोणी सांगावयास धजेना. तेव्हा इमामखान बुरुजावरून खाली आले, पागोटे काढून महाराजांच्या पायाशी ठेविले आणि जे शास्त्रीबुवांनी सांगितले तेवढे सांगितले. महाराज ऐकून थेट रसशाळेकडे चालले. तो दारात रिबकाबाई उभ्या. हात ओले, पदर कमरेस खोचलेला. त्यांनी मुजरा केला आणि म्हणाल्या, "सरकारांनी येथून पुढे येऊ नये." महाराजांस त्यांच्याच राज्यात पुढे येऊ नये म्हणणारे मनुष्य आजवर कोणी पाहिले नव्हते. महाराज म्हणाले, "आत कोण आहे?" बाई म्हणाल्या, "कारभारी साहेब." "आणि तुम्ही बाहेर का?" बाई म्हणाल्या, "सरकारांस अडवावयास. आता आत जाते. सर्वांनी त्या कमानीपलीकडे जावे. काम होईल तेव्हा मी हाक मारीन. हाक आली नाही तरी कोणी आत येऊ नये." महाराज स्वतः मागे वळले आणि सर्व मानकऱ्यांस हाताने मागे सारीत कमानीपलीकडे गेले. जाता जाता खिडकीतून त्यांस व्यंकटराव दिसले आणि व्यंकटरावांस महाराज दिसले. व्यंकटराव म्हणाले, "सरकार, मुजरा करता येत नाही. हात गुंतले आहेत." महाराज म्हणाले, "मुजरा मागाहून घेऊ. तुम्ही हात संभाळा."

मग आत काय जाहले ते दोघांच्या सांगण्यावरून लिहितो. तांब्याच्या वा शिशाच्या भांड्याशी या तेजाबाचे जमत नाही, आणखी भयंकर होते, म्हणोन बाईंनी लाकडी टपच घेतला, तो ओढीत व्यंकटरावांच्या पायांशी आणिला आणि त्यात घोंगडीच्या घड्या घालून तळाशी मऊ आंथरूण केले. मग मातीच्या झारीने बुचावर बारीक धार धरिली, ऐसी की पाणी बुचाच्या फटीत मुरावे. पिवळे पाणी व्यंकटरावांच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळले. बाई म्हणाल्या, "आता गुडघे वाकवावे." व्यंकटराव म्हणाले, "गुडघ्यांत वात आहे." बाई म्हणाल्या, "ठाऊक आहे. मी पाठीस हात लाविते." मग बाईंनी एक हात त्यांच्या पाठीस आणि एक हात बरणीच्या बुडाखाली दिला, आणि दोघे मिळून खाली बसू लागले. व्यंकटराव मागाहून म्हणत, "सासुरवाडीस पहिल्या दिवशी पाटावर बसलो तेव्हाही इतका जपून बसलो नव्हतो." बरणी पाण्याला लागली, मग बुडाली, मग घोंगडीवर टेकली, आणि बुचावरून पाणी गेले. बाई म्हणाल्या, "आता हात काढावे." व्यंकटरावांनी हात काढिले आणि तेथेच फरशीवर बसले, आणि त्यांस हसू आले आणि रडूही आले. बाईंनी त्यांचे हात धरून ते वाहत्या पाण्याखाली पुष्कळ वेळ धुविले आणि मग बाहेर हाक मारिली. ती हाक ऐकून अवघा चौक ऐसा गजबजला की वाजंत्रीवाल्यांनी कोणी न सांगता वाजविणे सुरू केले, आणि इमामखानांनी शास्त्रीबुवांस मिठी मारिली, आणि शास्त्रीबुवांनी ती मारू दिली.

परंतु दरबार म्हणजे दरबार. तिसरे प्रहरी कित्येक मानकरी महाराजांस म्हणाले जे, एका रंगाच्या बरणीपायी गादीचा अपमान जाहला, बाईने भिऊन सर्वांस भिवविले, ही रसशाळा बंदच करावी. महाराजांनी बाईंस विचारिले. बाई म्हणाल्या, "सरकार, माझा शब्द घेऊ नये. दाखविते." दुसरे दिवशी टप तैसाच पाण्याने भरलेला, हळू हळू, खांद्यावरून नदीच्या वाळवंटात नेला. बरणी रात्रभर भिजली होती. बाईंनी सर्वांस बांधाआड बसविले आणि पाण्याखाली बूच उघडावयास एकट्याच गेल्या. व्यंकटराव म्हणाले, "मी संगे येतो. बरणी मी आणिली." बाई म्हणाल्या, "जेथे एकाचे काम आहे तेथे दोघांनी मरण पाहू नये. आपण येथे बसावे, आणि कोणी डोके वर काढील तर खाली बसवावे." बूच पाण्याखाली सुटले. मग बाईंनी त्यातील चिमूटभर खडे एका खडकावर उन्हात ठेविले, वर तिकाटणे उभे करून दोरीने एक गोटा टांगिला, दोरीचे टोक लांब बांधाआड आणिले, आणि ऊन पुरेसे लागू देऊन दोरी सोडिली. गोटा खडकावर पडला आणि ऐसा कडाका जाहला की नदीपलीकडची बगळ्यांची रांग उडाली, आणि खडकाचा टवका बांधावर येऊन पडला. ज्या मानकऱ्यांनी रसशाळा बंद करा म्हटले होते ते सर्व कान धरून बसले होते. महाराज म्हणाले, "ही चिमूट. आणि बरणी किती भरली होती?" बाई म्हणाल्या, "अर्ध्याहून अधिक." इमामखान म्हणाले, "सरकार, माझ्या तोफेत मी मोजून दारू भरतो. ही तोफ कोणी भरली ते कोणास ठाऊक नव्हते, हेच वाईट." मग महाराजांनी व्यंकटरावांकडे पाहिले. शिक्षा होते की काय ऐसे सर्वांस वाटले. महाराज म्हणाले, "व्यंकटराव, कालचा मुजरा राहिला आहे." व्यंकटरावांनी मुजरा केला, आणि तळवे वर आले ते सर्वांनी पाहिले. ते हळदीसारखे पिवळे जर्द जाहले होते.

तेव्हापासून सलामीच्या तोफा गावाबाहेरील टेकडीवर नेल्या. उरलेले तेजाब बाईंनी ओले राखूनच, थोडे थोडे करून निकामी केले. कुंभारआळीच्या विहिरीचे पाणी रसशाळेत पारखिले, त्यात जवळच्या चामडे कमावण्याच्या कुंडाचे पाणी झिरपत होते ते बंद केले, आणि आळीचे दुखणे गेले. धुंडिराजशास्त्री एके दिवशी आपल्या घरातील हरताळ, सोमल आणि पारा यांच्या जुन्या कुप्या, प्रत्येकीचे नाव तोंडाने सांगत, एक एक करून बाईंच्या स्वाधीन करून गेले. आणि व्यंकटरावांच्या हातांचा रंग धुतला तरी जाईना. पंगतीत बसले की बायका म्हणत, कारभाऱ्यांस या वयात कोणाची हळद लागली. व्यंकटराव रागावत नसत. रसशाळेच्या दाराशी कोणी पाहुणा, कोणी सरदार, कोणी शिकावयास आलेला आला की ते उठून उंबऱ्यावर उभे राहत, दोन्ही तळवे पुढे करीत आणि म्हणत, "आधी हे पाहा, मग आत चला." पुढे कातडी बदलली आणि रंग उतरला. तरी ते तळवे पुढे करीत. पाहणारांस त्यात काही दिसत नसे. व्यंकटराव म्हणत, "आपणांस दिसत नाही. मला दिसते."

येणेप्रमाणे रसशाळेचा प्रसंग. एक बरणी पाण्यात गेली, तोफा उगी राहिल्या, आणि जितकी माणसे त्या सकाळी वाड्यात होती तितकी सायंकाळी आपापल्या घरी जेवली. सेवकास ठाऊक होते ते लिहिले, न्यून असेल ते वाचणारांनी पुरे करून घ्यावे. लेखनसीमा.